खाणीवरचा कमरेएवढा ओटा

साठ-एकसष्ट साल असेल. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी ड्रिल शिकवायची. अमरावतीहून व्यायामाचा कोर्स करून नुकतीच परतले होते, आणि वीस मुलींना एका शिट्टीत सरळ उभं करता येतं याचा मला फार अभिमान होता.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आठवड्यात जवळच्या मँगनीजच्या खाणीतले वेलफेअर ऑफिसर आमच्या मोठ्या बाईंना भेटायला आले. मूळचे जबलपूरकडचे, बोलणं सगळं हिंदीत. खाणीच्या दवाखान्यात कामकरी बायांची रांग लागते, म्हणाले; कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचे गुडघे. डॉक्टर मलम देतात, दोन दिवसांनी बाई पुन्हा हजर. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं व्यायाम करून घेणारी कुणी शिक्षिका मिळेल का? मोठ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पहिल्या दिवशी सहाच्या सुमारास चाळीसेक बाया माझ्यासमोर उभ्या होत्या. काष्टा घातलेली लुगडी, डोक्यावर चुंबळ, हात दगडाच्या भुकटीनं काळे. या बाया दगड फोडायच्या, चांगला माल निवडायच्या आणि टोपल्यांनी वाहून ट्रकपाशी ढीग लावायच्या. मी शिट्टी फुंकली. "हात वर! आता खाली वाका, अंगठे धरा!"

आधी एक हसली, मग सगळी रांगच हसायला लागली. पुढे उभी असलेली, केस पिकलेली एक बाई काही वाकली नाही. ती त्या टोळीची मुकादम होती.

"बाई," ती म्हणाली, "आमी दिवसभर वाकूनच राह्यतो. तुमी सकाळीच काहून वाकवून राह्यल्या आमाले?"

कान गरम झाले माझे. चार दिवस मी तरीही शिट्टी फुंकत राहिले. पाचव्या दिवशी कंटाळून तिलाच विचारलं, "मग दुखतं तरी कधी? चालताना?"

"चालताना काही नाई होत. डोक्यावर आली का टोपली गुमान राह्यते. जमिनीवरून उचलताना जीव जाते. पाह्यता का करून?"

"हौ," मी म्हटलं. शिट्टी पिशवीत टाकली आणि पदर खोचला.

मँगनीज दिसतं मूठभर, पण भारी असतं. उकिडवं बसायचं, टोपलीला हात घालायचा, समोरची बाई दुसरी बाजू धरणार, आणि दोघींनी झटका देऊन ती डोक्यावर न्यायची. तिसऱ्या खेपेला माझ्या कमरेत कळ उठली. सातव्या खेपेला मी टोपली टाकली आणि तिथेच बसले. बायांनी मला सावलीत पालथं निजवलं, आणि मुकादमीणबाईनं मोहाच्या बियांचं तेल घेऊन पाठ अशी चोळली की मी ओरडले. "शाळेत सांगजा पोरीइले, कशी ड्रिल झाली ते!" एक जण म्हणाली, आणि मग मीच सगळ्यांत जास्त हसले.

पडल्या पडल्याच मी विचारलं, टोपली जमिनीऐवजी कमरेइतक्या उंचीवर ठेवली असती तर? मुकादमीणबाईचा हात थांबला. "तेच तं मी दोन साल झाले म्हणून राह्यली. आयकते कोन?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसरांकडे गेले आणि टोपल्या ठेवायला कमरेएवढा दगडी ओटा हवा, असं सांगितलं. ते म्हणाले, "मैडम, मैंने ड्रिल मँगाई थी, दीवार नहीं." पण नाही असंही म्हणाले नाहीत. तेवढं आम्हाला पुरलं. जेवणाच्या सुट्टीत बायांनी फेकलेले निकामी दगड गोळा केले. त्यांतल्या एकीचा नवरा गवंडी होता, त्याच्या हाताखाली तिनं बरंच काम केलं होतं. तिनं दगडावर दगड बसवून तीन दिवसांत ओटा उभा केला. उंची ठरवताना मोठा वाद झाला. उंच बायांना जास्त हवा, ठेंगण्यांना कमी. शेवटी ओटा एका टोकाला उतरता केला.

ऑफिसर पाहायला आले. मुकादमीणबाईनं भरलेली टोपली त्यांच्या पायाशी ठेवली. "साहेब, पहले इसको उठाओ."

चाळीस बाया पाहत होत्या, त्यामुळे माणूस मागे हटू शकला नाही. उकिडवे बसले, जोर लावला, टोपली गुडघ्यापर्यंत आली आणि त्यांची टोपी धुळीत पडली. मग ओट्यावरची टोपली. त्यांनी गुडघे वाकवून डोकं खाली घेतलं, टोपली अलगद सरकली आणि ते ती डोक्यावर घेऊन सरळ उभे राहिले. स्वतःच चकित झाले. दहा पावलं चालले, बायांनी टाळ्या पिटल्या. त्या आठवड्यात आणखी चार ओटे झाले, आणि दगड निवडायला बसण्यासाठी लाकडी पाटही आले.

माझी ड्रिल मात्र अगदीच वाया गेली नाही. कमरेवर हात ठेवून, छाती काढून मागे कलायचा एक व्यायाम बायांना आवडला. त्याला त्यांनी नाव दिलं 'साहेब होणं'. दुपारी मुकादमीणबाई हाक द्यायची, "चला वो, साहेब व्हा!" आणि ओळीनं सगळ्या साहेब व्हायच्या, खरे साहेब समोरून जात असले तरी.

सुट्टी संपेपर्यंत दवाखान्यातली रांग पुष्कळ आखूड झाली होती. सगळ्यांचं दुखणं गेलं असं नाही. गुडघे धरलेल्या दोघी-तिघी तशाच लंगडत यायच्या, त्यांना मुकादमीणबाईनं निवडायच्या कामावर बसवलं.

बऱ्याच वर्षांनी ती मला बाजारात भेटली. काम सोडलं होतं, सून जात होती खाणीवर. नव्या साहेबानं ट्रकच्या रस्त्यासाठी एक ओटा पाडला होता, तिनं सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? बायांनी त्याच दिवशी चार हात सरकवून नवा बांधला. अन् पह्यल्यापेक्षा चांगला झाला, बाई. या एक दिवस पाह्यले."

पुढच्या रविवारी मी गेले.