मोनिका त्लाकोचे दोन वाफे

आमच्या अटेम्पान वस्तीत लोक म्हणायचे, मोनिका त्लाको हसली की पलीकडच्या काठावरची बदकं उडतात. मिरच्या, भोपळे आणि झेंडू होडीत रचून ती मेक्सिको शहराच्या बाजाराला जायची आणि अख्ख्या बाजाराच्या बातम्या घेऊन परत यायची. मी पेत्रोनिला, तिची शेजारीण. बहुतेक वेळा दुसरं वल्हं माझ्याच हातात असायचं.

तिची आई साथीच्या तापात गेली. जाण्याआधी तिने चटईवर पडल्या पडल्या गावच्या लेखनिकाला बोलावून मृत्युपत्र सांगितलं. आमच्याकडे ते सगळेच करतात. बाईमाणूस आपला पाटा-वरवंटा कुणाला जायचा हेसुद्धा लिहवून जातं. आईने तळ्यातले दोन वाफे मोनिकाला दिले. त्या वाफ्यांसाठी तिने उभा जन्म टोपल्या भरभरून तळाचा गाळ उपसून पाण्यात रचला होता. साक्षीला बहुतेक बायाच होत्या, कारण आजाऱ्याच्या उशाशी दुसरं कोण बसणार?

त्यानंतर कणसांचे दोन हंगाम मोनिकाने घेतले. मग तिचा नवरा गास्पार शहरात वेठीच्या कामावर गेला आणि तिचा मामा बाल्तासार जागा झाला. तो गावचा पंच. एका सकाळी आम्ही वाफ्यावर पोहोचलो तर त्याच्या खुंट्या रोवलेल्या आणि मोनिकाचा झेंडू आडवा पडलेला.

"मामा, हे काय?"

"पोरी, जमीन माझ्या बापाची. ती पुरुषाच्या हाती राहील."

"आणि आईचं मृत्युपत्र?"

"बायकांच्या साक्षीचा कागद! चार जणी जमल्या, कलकलाट केला आणि लेखनिकाने तो उतरवून घेतला."

मोनिकाने सगळ्या खुंट्या उपटल्या आणि त्याच्या देखत तळ्यात भिरकावल्या. मामाने थेट फिर्याद ठोकली.

जमिनीचे तंटे ऐकायला शहरातून स्पॅनिश न्यायाधीश आला, तो चर्चच्या अंगणात बसला. दुभाष्या शेजारी उभा. मृत्युपत्र वाचायला घेण्याआधीच मामा गरजला, "खोटं आहे ते! मेलेली काय सांगायला येणार?"

न्यायाधीशाने विचारलं, "साक्षीदारांपैकी जिवंत कोण आहे?"

बाकीच्यांना साथीने नेलं होतं. उरली होती फक्त हुस्तिना, वस्तीची म्हातारी सुईण. तीही आता तळ्यापलीकडे लेकीकडे राहत होती.

"घेऊन या," न्यायाधीश म्हणाला. "पण उन्हं कलायच्या आत. नंतर मी निघालो."

आम्ही पळतच सुटलो. घागरे खोचले, होडी ढकलली आणि असं वल्हवलं की हाताला फोड आले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. हुस्तिनाआजी ओसरीवर टोपलीपाशी बसली होती. टोपलीत टर्की कोंबडी अंड्यांवर.

"आजी, चला! न्यायाधीश आलाय!"

"तो थांबेल. अंडी फुटायला आलीत, ती थांबायची नाहीत."

"अहो, माझी जमीन जातेय!"

"आणि माझी पिलं गेली तर? जावई खाटकासारखा टपून बसलाय."

 मोनिकाने कोंबडीसकट टोपली उचलली आणि होडीत नेऊन ठेवली. आजी शिव्या घालत टोपलीमागोमाग आली आणि होडीत बसली. आम्हाला तेवढंच हवं होतं!

परतीला वारा उठला. पाणी होडीत येऊ लागलं. मी वल्हवत होते, मोनिका तुंब्याने पाणी उपसत होती, कोंबडी तिच्या पोटरीला चोची मारत होती आणि आजी ओरडत होती, "डावीकडे घे गं! पोरं जन्माला आणली मी, बुडवली नाहीत कधी!" भीतीने की हसण्याने कोण जाणे, आम्हाला श्वास पुरत नव्हता.

अंगणात शिरलो तेव्हा न्यायाधीशाचा एक पाय रिकिबीत होता.

"आणली!" मोनिका अशी किंचाळली की खेचर दोन पावलं मागे सरलं. न्यायाधीशाने पाय पुन्हा खाली टेकवला.

आजीने क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली. "हिच्या आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही वाफे लेकीला, असं ती माझ्यासमोर बोलली."

"म्हातारीला धड दिसत नाही!" मामा उसळला.

"बाल्तासार, तुझी नाळ मी कापली. तेव्हाही तू असाच बोंबलत होतास."

अंगण खदखदून हसलं. मामाचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. तेवढ्यात मोनिका पुढे झाली. आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, "मामा, आज इथे कशाने आलात?"

"होडीने. आणखी कशाने येणार?"

"कुणाची होडी?"

"माझी! माझ्या बहिणीने दिलेली."

"कधी दिली?"

"मरताना दिली, सगळ्यांसमोर! या लेखनिकालाच विचार, त्याने लिहून..."

तो थांबला. पण फार उशिरा. दुभाष्याने शब्द न् शब्द सांगितला. लेखनिकाने मृत्युपत्र वाचलं. वाफे मोनिकाला, आणि लगेच पुढच्या ओळीत होडी भावाला. न्यायाधीशाच्या मिशा हलल्या. "कागद खोटा असेल तर होडी परत करा. खरा असेल तर वाफे सोडा. काय करता?"

 मामा पुटपुटला, "होडी ठेवतो."

त्याच दिवशी ताबा द्यायचा असं ठरलं. न्यायाधीशाने मोनिकाचा हात धरून तिला वाफ्यावर नेलं, मागे अख्खी वस्ती होड्यांतून. रिवाजाप्रमाणे मालकिणीने चारी कडांनी चालायचं, गवत उपटायचं, ढेकळं फेकायची. मोनिका चालली नाही, धावली! मुठी भरभरून गवत उपटलं. ढेकळं अशी फेकली की पाद्रीबाबांच्या झग्यावर चिखल उडाला. "माझं आहे! माझं आहे!" ओरडता ओरडता ती मध्येच खाली बसली आणि आईच्या नावाने ढसाढसा रडली. लेखनिकाने लिहिलं, 'कुणीही हरकत घेतली नाही.'

गास्पार परतला तेव्हा त्याला ही हकीकत तिने एकाच दमात तीनदा सांगितली. पुढे मामाशीही बोलणं सुरू झालं. सणाला ती त्याच्याकडे मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले पाठवायची, फक्त मिरची जरा जास्त घालून.

त्यानंतर वस्तीत कुणी बाई आजारी पडली आणि लेखनिकाला बोलावणं गेलं, की दुसरं बोलावणं मोनिकाला जायचं. ती उशाशी बसायची, आजारी बाईचा हात हातात घ्यायची आणि लेखनिकाला म्हणायची, "हळू लिहा. ती काय म्हणते ते आधी नीट ऐका."