खिडकीजवळच्या टेबलावरचा पालथा कप

भूतखेत मी मानत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच अंगारे, गंडेदोरे घरातून गेले. तरी हे लिहितोय... दुसऱ्या कोणाला सांगावं ते कळत नाही.

मी जळकोटकडचा, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. लातूरला मावशीकडे राहतो. कॉलेज सुटलं की एका इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅन काढतो. मावशी स्टँडजवळच्या हॉटेलात कपबश्या धुते. तिच्या पगारावर घर चालतं, माझी फीही.

लातूर जिल्हा झाला, साहेबलोक आले, तसं मालकांनी त्या हॉटेलचं ‘फॅमिली रेस्टॉरंट’ करायचं ठरवलं. काम आमच्याकडेच आलं. दाराबाहेर एक शहाबादी फरशी होती. पूर्वी आमच्या लोकांनी तिच्यावरच बसून चहा प्यायचा, कप आपला आपण धुवून पालथा ठेवायचा. माझे वडीलही तिथं बसलेत. मी प्लॅनमध्ये पुढची भिंत सरकवून ती जागा आत घेतली — मोठी काच, सनमायकाचं टेबल, फोमच्या खुर्च्या. का घेतली, ते कोणाला बोललो नाही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर त्या टेबलावर एक कप पालथा. धुतलेला, ओला.

पुढं रोजच तसं व्हायला लागलं. दुष्काळ चालू, टँकरचं पाणी ड्रममध्ये, ड्रमला कुलूप, शटरला कुलूप, दोन्ही किल्ल्या मालकांकडे.

“भूत बी चहाच पितंय मालक, धंदा जोरात चालणार!” आमचा कॉन्ट्रॅक्टर हसला.

मालक हसले नाहीत. “मावशी, दुसऱ्या किल्ल्या केल्यास का गं?”

“न्हाई मालक. लेकराची आण.”

“मग पाणी काय आभाळातून पडायलंय का? पडत असंल तर शेतात पाड की!”

मावशीला त्यांनी कामावरून काढलं. ती त्याच दिवशी गावाकडं गेली.

दुसऱ्या सकाळी हॉटेलातल्या फॅमिली केबिनचं दार बसवायला मी आणि कॉन्ट्रॅक्टर गेलो. मालकांनी आमच्यासमोर कुलूप काढून शटर वर केलं. कप तिथंच. टेबलाच्या कडेवरून पाण्याचा थेंब ओघळत होता.

“मालक, मावशी तर गावाला हाय...” मी म्हणालो.

त्यांनी आपल्या रुमालानं टेबल पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, “हे टेबल काढा. इथं काउंटर घ्या.”

“आन् मावशी?”

“तू प्लॅन काढ.”

मी काढला. तेवढंच माझ्या हातात होतं. काउंटर बसल्यापासून कप दिसला नाही. पण मावशीला मालकांनी परत बोलावलं नाही. दोनदा गेलो विचारायला. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला.

मावशी आता रोजंदारीवर जाते. सगळं सांगितल्यावर ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, “आत बसत होतं की रे ते... खुर्चीवर. तरी बी आपला कप आपणच धुवून ठेवत होतं. आता धुवावा लागत न्हाई म्हणून त्याला कुणी सांगितलंच न्हाई का?”

ते कोण होतं, मला माहीत नाही.