ओली रिंग, वाळलेली रिंग

मला लिहायची सवय नाही, त्यामुळे कितपत जमेल कोण जाणे. सांगायचं आहे ते माझ्या वहिनीबद्दल. भाऊ गेल्यावर त्याचं गॅरेज तिनेच चालवलं. जुन्या गाडीतली पेट्रोलची गळती थांबवण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून सगळे तिला पॅकिंगवाल्या काकू म्हणत.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागले आणि तिच्या डोक्याला ताप झाला. वर्षानुवर्षं टिकणारं काळं रबर फुगायला लागलं, कॉर्कच्या पॅकिंगचा भुगा व्हायला लागला. दुकानदार पॅकिंगची प्रत्येक रबरी रिंग दाखवून म्हणायचा, "काकू, ही खास नव्या पेट्रोलची."

"तू सांगू नकोस, माझी बरणी सांगेल," वहिनी म्हणायची.

रिंग ती बरणीतल्या पेट्रोलमध्ये भिजत घालायची आणि काढून कोऱ्या रिंगेशेजारी धरायची. थोडी फुगली तर हरकत नाही, उलट घट्ट बसेल, असा तिचा हिशेब. अशी पास झालेली एक जात तिने लेकीच्या गाडीतही कार्बोरेटरला बसवली. नंतर लेक आणि जावई कामासाठी परगावी गेले. टाकी रिकामी करून गाडी उन्हाळाभर उभी होती. परत आल्यावर एके दिवशी सकाळी त्यांनी पेट्रोल भरलं आणि गावाबाहेर निघाले.

त्याच वेळी मी गॅरेजात चहा पीत बसलो होतो. खिडकीत पडलेली एक रिंग सहज उचलली.

"वहिनी, ही कुठली?"

"त्याच पाकिटातली. बरणीतून काढून ठेवलेली."

"मग एवढीशी कशी?"

तिने हातात घेऊन ताणली. रबराला बारीक चिरा पडल्या. ती स्टुलावर बसली.

"भाऊजी, मी ओलीच बघत आले. वाळल्यावर कधी बघितलीच नाही."

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. भिजून फुगली होती तोवर रिंग घट्ट होती. टाकी रिकामी झाल्यावर लेकीच्या गाडीतली रिंगही अशीच वाळून आखडली असणार. आता पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळत असेल.

जावयाचा फोन बंद. लेक गाडी चालवताना फोन उचलत नाही, हे वळण वहिनीनेच लावलेलं. आम्ही स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे त्याच रस्त्याला लागलो.

"भाऊजी, मुंगी पुढे गेली," ती मागून म्हणाली. मी आयुष्यात एवढी जोरात चालवली नव्हती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. रांगेत त्यांची गाडी दिसली, इंजिन चालूच. पुढच्या ट्रकवाल्याने खाली उतरून सिगारेट तोंडात धरली होती, काडी ओढणार एवढ्यात वहिनीने त्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. तो बघतच राहिला. मग तिने लेकीच्या गाडीचं दार उघडून किल्ली फिरवली.

"उतरा दोघं. लांब व्हा."

बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या खाली सगळं ओलं होतं.

"वास येत नव्हता तुला?" वहिनीने विचारलं.

"मघापासून येतोय."

"मग थांबली का नाहीस?"

"तू बसवलंयस ना. तुझं काम कधी गळतं का?"

जावई म्हणाला, "मी म्हटलं होतं थांबू या. तर म्हणे, आईच्या कामावर शंका घेऊ नका."

फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. गाडी ढकलून कडेला घेतल्यावर वहिनी लेकीला हळूच म्हणाली, "पुन्हा असं झालं तर आईचं नाही, नाकाचं ऐक."

तेव्हापासून ती रिंग भिजवते, उन्हात वाळवते, परत भिजवते. या तिन्हीतून महागडं फ्लोरो रबर तेवढं तरलं. पण त्याआधी तिने एक केलं. त्या पाकिटातल्या रिंगा ज्यांच्या गाड्यांत गेल्या होत्या, त्या सगळ्यांना स्वतः फोन केले. माझं चुकलंय, गाडी घेऊन या, म्हणाली.

एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "काकू, आमची तर थेंबभर गळत नाही."

"ओली आहे म्हणून," वहिनी म्हणाली. "आजच आणा."