लाल शाईतलं पत्र

छापखान्यात त्याला सगळे जर्मनमास्तर म्हणत. जर्मन मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. लहानपणी बापाचा मार चुकवायला त्याने आणि धाकट्या बहिणीने एक बोली रचली होती. पुढे छापखान्यातल्या जर्मन यंत्राची पुस्तिका हाती लागली आणि तिच्या धर्तीवर त्याने त्या बोलीचं लेखन ठरवून बहिणीला शिकवलं: रोमन लिपी, प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं, शब्दाला शब्द जोडून आगगाडी, स्वरांवर दोन-दोन टिंबं. बघणाऱ्याला वाटावं, यंत्राचीच माहिती आहे.

बहिणीचं लग्न झालं आणि मारणारा हात तेवढा बदलला. तिची पत्रं येत. दात पडला. बरगडी मोडली. तो वाचायचा, डोळे पुसायचा आणि हाडीमाशी खिळलेल्या सवयीने चुका लाल शाईत दुरुस्त करून, प्रुफासारखं पत्र तिच्या शेजारणीच्या पत्त्यावर परत धाडायचा.

या वेळी तिने लिहिलं होतं, शुक्रवारी नवरा वखारीत गेला की मी घर सोडून निघते. त्याने सात चुका लाल केल्या आणि पत्र पेटीत टाकलं. शेजारीण परगावी होती. पोस्टमनने छापखान्याचा शिक्का असलेलं पाकीट नवऱ्याच्या हाती दिलं.

गुरुवारी मेहुणा छापखान्यात आला, हातात ते पत्र आणि बाहीवर बहिणीचं रक्त घेऊन. हात मोडला तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. त्याने मास्तरांना मानगूट धरून चालत्या यंत्रावर आपटलं.

"वाच. कोणाला भेटते ती?"

मास्तरांनी वाचलं. तेल कुठे घालायचं, शाईचा रूळ कसा पुसायचा.

"मग हे लाल कशाला?"

"चुका आहेत."

मेहुण्याने त्यांचा उजवा हात यंत्राच्या जबड्यात कोंबला. तीन बोटांचा चेंदा झाला. पुन्हा वाच म्हणाला. रक्ताने अक्षरं बुडाली तरी मास्तर तेल आणि रूळ म्हणत राहिले. शुक्रवार काही तोंडातून निघाला नाही. यंत्रवाला पाना घेऊन धावला, तेव्हा मेहुणा थुंकून निघाला. वेड्यांचं घराणं म्हणाला.

शुक्रवारी मेहुणा नेहमीसारखा वखारीत गेला.

दुपारी छापखान्यात चौकशी करून बहीण दवाखान्यात आली. एक डोळा मिटलेला, हात गळ्यात बांधलेला, सोबत एकच पिशवी. तिने भावाच्या बँडेजकडे पाहिलं.

"दादा, पत्र परत का धाडलंस?"

"सात चुका होत्या गं."

तिने त्याच्या खिशातलं लाल पेन काढलं, खाटेच्या लोखंडी कडेवर दाबून एका हाताने मोडलं आणि त्याच्या उशाशी बसली.