नाचणीवर टाकलेली वाकळ

कोयनेचं पाणी चढलं आणि डोंगराचा माथा तेवढा बेट होऊन उरला, ती ही माथेवाडी. तेव्हापासून लाँचमधून जो साहेब उतरला तो काहीतरी बंद करायलाच उतरला. लाकूड तोडायचं बंद, गुरं चारायची बंद. मग तानुबाईनं विश्वास ठेवावा तरी कुणावर?

म्हणून कऱ्हाडची समीक्षा अंगणात येऊन ‘वनहक्क’ म्हणाली, तेव्हा म्हातारीनं ‘वन’ एवढंच ऐकलं. तिच्या लेखी वन म्हणजे खातं. आपल्या डोंगराला ती जन्मात कधी वन म्हणाली नव्हती, ते रान.

पोरगी मोबाइल पुढं धरून गोडगोड विचारत होती. पावसात लाँच बंद पडली की पूर्वी काय खायचात? नाचणी कुठं पिकवायचात? कंद कुठून आणायचात? उतारावरचा नाचणीचा तुकडा म्हणजे तिचा जीव; सासूनं कसलेला, नवऱ्यामागं तिनं एकटीनं राखलेला. तोच हिसकायला आली की बया! पाणी आणायच्या निमित्तानं ती आत गेली, नाचणीच्या कणगीवर वाकळ टाकली, रानातनं खणून आणलेले उकडलेले करांदे चुलीमागं सारले. मग रेशनच्या तांदळाचा भात पोरीपुढं ठेवला आणि मोबाइलला ठणकावून सांगितलं, “आमी रानातलं कायबी खात न्हाई. पयल्यापासनं रेशनवरच हाय.”

समीक्षाचा चेहरा पडला. गुमान जेवली आणि लाँचकडं निघाली. तानुबाई मनातनं लय खूश झाली.

एवढ्यात पुतण्या आकाराम आला. ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जुन्यांची साक्ष मोबाइलवर नोंदवून घ्यायला पोरीला त्यानंच बोलावलं होतं. वनहक्काच्या कायद्यानं उतार नावावर व्हायचा तर जुन्या माणसानं दावा तपासणाऱ्या समितीला सांगायला हवं होतं, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलंच पिकवून, इथलंच खणून जगलो. आणि वाडीत जुनं माणूस तेवढं तानुबाईच उरलं होतं.

“काकू, तुमच्याच तोंडानं रान घालवलंसा की वो.”

म्हातारी ओटीत करांदे घेऊन तशीच अनवाणी पळाली. लाँच सुटायच्या बेतात होती. काठावरूनच तिनं सगळं सांगून टाकलं: सासू करांदे उकडून रातभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, तवा कुठं कडूपणा जायचा, आखाडात दोन्ही वेळा नाचणीची आंबील, भात म्हणजे सणालाच. समीक्षानं मोबाइल काढला, पण चालू केला नाही. ती तानुबाईच्या मागं धापा टाकत उभ्या असलेल्या आकारामकडं बघत होती. हे ह्यानंच पढवलंय, असं तिच्या नजरेत स्वच्छ दिसत होतं.

“आजी, मघाचं खरं, की हे?”

तानुबाईला रडूच फुटलं. “मगाशी खोटं बोलले, बाय. भ्याले व्हते.”

समीक्षानं मोबाइल चालू केला. मग म्हणाली, “हेही घेते, आजी. पण मघाचं पुसता येत नाही मला. समितीला दोन्ही ऐकवावं लागेल, आणि आधी मघाचंच.”