दाबाने आखलेली हद्द

डाकार शहरातल्या आमच्या वाकाम वस्तीत दाबा एनदोयइतकी भित्री बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतकी तोंडाळही नाही. किनाऱ्यावर आम्ही दोघी शेजारी शेजारी मासे विकतो. टेकडीवरच्या त्या बाप, बाई आणि पोराच्या अवाढव्य पुतळ्याशी तिचं पहिल्यापासून वाकडं. त्यातल्या बाईचे कपडे अपुरे, ही तक्रार होतीच. पण खरा राग बापाच्या दंडावर बसलेल्या पोरावर, कारण ते समुद्राकडे बोट दाखवतं.

"अख्ख्या डाकारच्या पोरांना हाच वाट दाखवतोय, मेला!" ती म्हणायची.

तिचा भाऊ होडीतून स्पेनला निघाला, तो कुठेच पोचला नाही. तेव्हापासून तिचा मुलगा इस्सा मासेमारीला निघाला की ती त्याला शपथ घालायची, "हा पुतळा दिसतोय तोवरच जायचं. दिसेनासा झाला की माघारी फिरायचं."

इस्सा हसायचा. "बरं बाई. तुझा चौकीदार दिसतोय तोवरच."

परवा त्याची होडी गेल्यावर कुणीतरी बोललं, आज आत जाळी कमी आणि पेट्रोलचे कॅनच जास्त होते. दाबाच्या हातातली सुरी गळून पडली. फोन लागेना. किनाऱ्यावरून पाहावं तर लाटांपलीकडे काही दिसत नव्हतं.

"वर चल," मी म्हणाले. "पुतळ्यातल्या बापाच्या टोपीत खिडकी आहे, तिथून लांबचं दिसतं."

आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याच्या पायऱ्या ती अनवाणी चढली. आत वर नेणारी लिफ्ट हलली तशी तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

"मावशी, खाली बघू नका," लिफ्टवाला म्हणाला.

"खाली कशाला बघू, मुडद्या? माझं पोर तिकडे पाण्यात आहे!"

टोपीतल्या खिडकीशी आम्ही उभ्या राहिलो. समुद्र संपतच नव्हता. बऱ्याच वेळाने मला पिवळी ताडपत्री दिसली, सकाळी इस्साच्या होडीवर होती तीच. तांदळाच्या दाण्याएवढी होडी, तोंड उघड्या समुद्राकडे.

दाबाने काचेला कपाळ टेकलं.

"एवढीशी होडी आपल्याला इथून दिसतेय," ती म्हणाली, "मग त्याला तिथून हा पुतळा केवढा दिसत असेल गं! अजून कितीतरी वेळ दिसत राहील. आणि मीच सांगितलं, दिसतोय तोवर जा म्हणून."

मी तिला मागून धरलं. होडी पुढेच जात होती.