एका रिक्षेला तीन ड्रायव्हर

आमच्या घरात मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं फक्त मी म्हणतो.

त्या दिवशी अकरा वाजता आमच्या लेकीची, मुग्धाची, ऑनलाइन मुलाखत होती. शेवटची फेरी! स्क्रीन दाखवून प्रश्न सोडवायचे होते, त्यामुळे मोबाईल चालणार नव्हता. ती आंघोळीला गेली आणि मी सहज स्पीकर तपासला. आवाज येत होता, पण मला जरा बारीक वाटला. (शेजारच्या इमारतीत ड्रिल चालू होतं, हे लक्षात घ्यायला हवं होतं.)

आवाजासाठी कॉम्प्युटरला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो. मी इंटरनेटवरून नवा उतरवून घातला. जुना काढला नाही. असू दे, उपयोगी पडेल! दोघांची अशी जुंपली, की होता तो आवाजही गेला.

"अहो, चालत होतं ना?" स्वयंपाकघरातून बायको. "मग हात कशाला लावलात?"

"सुधारणा करतोय!"

दोघांचं भांडण मिटवायला मी तिसरा ड्रायव्हर घातला. आता आवाज आला, पण घशात काटा अडकलेल्या बोक्यासारखा. तेवढ्यात समोरचे शाहभाई पेपर मागायला आले.

"अरे, बंद करके चालू करो ना!"

चार वेळा केलं. पाचव्यांदा बोकाही गेला!

साडेदहाला मुग्धा तयार होऊन आली. "बाबा, तू काय केलंस?"

"काही नाही गं, थोडंसं अपडेट…"

तिने ड्रायव्हरांची यादी उघडली आणि डोळे मिटून घेतले. "एका रिक्षेला तीन ड्रायव्हर! तिघांनी हँडल धरलंय. रिक्षा निघणार कशी?"

"आणखी एक घालून बघू का?"

"बाबा, हात मागे!"

मी हात मागे बांधून उभा राहिलो. शाहभाईंनीही बांधले. (त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष!)

तिने तिन्ही ड्रायव्हरांना हाकललं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. दहा पन्नास. पोरीने तीन महिने रात्रंदिवस अभ्यास केला, आणि मी पाऊण तासात त्याची माती केली!

दहा चौपन्नला कॉम्प्युटरने स्वतःचा मूळ ड्रायव्हर आपला आपण बसवला आणि 'टुडूंग!' असा स्वच्छ आवाज आला. बायकोने हात जोडले, शाहभाईंनी टाळ्या वाजवल्या, मी मटकन खाली बसलो. इतकं हलकं मला नवघरच्या या घराचा ताबा मिळाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मुलाखत सुरू झाली. मी दाराला कान लावला. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "एखाद्या अवघड माणसाबरोबर, वेळ कमी असताना काम केलंय कधी?"

"हो सर," मुग्धा म्हणाली. "आज सकाळीच."

साहेब खो खो हसले. मग तिने सगळा किस्सा रंगवून सांगितला.

नोकरी मिळाली. उदाहरण म्हणून का होईना, बाप कामी आला!